अकरा काचपट्ट्या

पडद्यावर माझं अक्षर आलं. हातभर उंच. आधी मला ओळखूच आलं नाही, इतकं ते सुबक दिसत होतं. मग शेजारच्या खुर्चीतल्या डॉक्टर हरेशनी मला कोपर मारलं आणि म्हणाले, "अरे गायकर साब, ये तो आपका हँडरायटिंग है! असा 'श' काढनारा दुसरा माणूस मी नाय बघितला." हे हरेश म्हणजे उल्हासनगरचे जुने सिंधी डॉक्टर. कॅम्प तीन नंबरला दवाखाना होता, तापाचा पेशंट आला की मला फोन करायचे, या आणि रक्त घेऊन जा. आता ऐंशीला टेकलेत, पण नजर बघा माणसाची. मी सावरून बसलो. गळ्यातली परिषदेची पट्टी सरळ केली. त्यावर छापलं होतं 'कमळाकर गायकर, निवृत्त आरोग्य सेवक', आणि परिषदेचं नाव 'सार्वजनिक आरोग्य : काल आणि उद्या'. कालमध्ये आम्ही, उद्यामध्ये लॅपटॉपवाले. आणि त्या लॅपटॉपवाल्यांत, मंचावर, माईकसमोर, माझी पोरगी. डॉक्टर जिज्ञासा गायकर, साथरोगतज्ज्ञ. माझं रजिस्टर तिनं पडद्यावर लावलं होतं आणि मला घरी एका शब्दानं बोलली नव्हती. छाती अशी भरून आली म्हणता, की शर्टाचं वरचं बटण मी हळूच सोडलं.

तुम्हाला आरोग्य सेवक म्हणजे काय ते माहीत नसणार. अहो, कुणालाच नसतं. नर्सबाई माहीत असते, डॉक्टर माहीत असतो, मधला हा खाकी पिशवीवाला कोण, तर मलेरियावाला. तेहेतीस वर्षं मी बारवी धरणामागच्या वाड्या फिरलो. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी. "ताप आहे का कुणाला? येऊन गेला का?" असेल तर डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट धरायचं, स्पिरिटचा बोळा, सुई, आणि काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब. एक जाड पसरायचा, एक पातळ. त्यावर पेन्सिलीनं नंबर. तिथल्या तिथे क्लोरोक्विनच्या चार गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावायच्या, मगच उठायचं. रिपोर्ट मागून येतो, गोळ्या आधी. निघताना भिंतीवर गेरूच्या चौकटीत तारीख आणि सही. अंबरनाथच्या एमआयडीसीत पहाटेची पाळी सुटली की रिक्षा स्टँडवर उभा राहून कामगारांचीही बोटं टोचलीत मी. शिव्या खाल्ल्यात, कुत्री अंगावर घेतलीत. हिशोब केला तर लाखभर बोटं होतील. पोरं मला बघून झाडावर चढायची, "मलेऱ्या आला, मलेऱ्या आला!" आणि म्हाताऱ्या चहा ठेवायच्या. आज हे कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, काका, आता सगळं ॲपवर असतं. असू दे की. ॲप चहा पितं का? ॲपला कळतं का, की चुलीपाशी घोंगडी घेऊन कोण पडलंय? पण जाऊ दे, आज मला भांडायचं नव्हतं. जेवणानंतर माझा सत्कार होता, शाल आणि श्रीफळ. भारतीनं, माझ्या बायकोनं, पांढरा शर्ट काढून दिला होता आणि बजावलं होतं की भाषण करायला लावलं तर कुणाची उणीदुणी काढू नका.

जिज्ञासा छान बोलत होती. माझ्यासारखी हातवारे करत नाही ती. एक आकडा सांगते, थांबते, लोकांच्या तोंडाकडे बघते, मग पुढचा. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही, आमच्या घरात तर सगळे एकदम बोलतात. आगरी घर, मीठ-भाताची जमीन गेलेलं, आवाज मात्र शाबूत. तिनं आमच्या आरोग्य केंद्राच्या माळ्यावरून तीस वर्षांची रजिस्टरं खाली काढली होती, उंदरांनी कुरतडलेली, आणि एकेक पान फोटो काढून संगणकात भरलं होतं. एक रेघ वरून खाली उतरत आली, तापाची. सभागृहात कुणीतरी "वा" म्हणालं. मग तिनं नकाशा लावला. बारवीच्या आजूबाजूच्या वाड्या, ठिपके ठिपके, आणि त्यातले आठ ठिपके हिरवे. "या आठ वाड्यांमध्ये तीस वर्षांत मलेरिया जवळजवळ नाहीच," ती म्हणाली. "इथं दर पंधरवड्याला माणूस पाठवण्याऐवजी गावातल्या एका बाईकडे फोन द्यावा. ताप आला की ती कळवेल. इथून मोकळा झालेला माणूस जिथं खरा ताप आहे तिथं पाठवता येईल." बरोबर आहे, मला पटलं. मग तिनं त्यातल्या एका ठिपक्यावर बाण नेला आणि वाडीचं नाव आलं. दांडवाडी. आणि शेजारी आणखी एक पान, माझ्या अक्षरातलं. जुलै १९९५. "हे बघा," ती म्हणाली, "ऐन पावसाळा. आजूबाजूच्या चार वाड्यांत मलेरिया निघालाय. आणि दांडवाडीत तापाची अकरा माणसं तपासली, अकराच्या अकरा निगेटिव्ह. यावरूनच मी दांडवाडीला यादीत घेतलं. इथं काहीतरी वेगळं होतं." मग ती थांबली, नेहमीसारखी, आणि यावेळी तिनं लोकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मला वाटतं, तिथं काम करणारा माणूस वेगळा होता." टाळ्या पडल्या. हरेशनी माझी मांडी थोपटली. मी हसलो, मान लववली, पण पडद्याकडे पुन्हा बघितलं नाही.

कारण ते पान खोटं आहे. त्या अकरा काचपट्ट्यांवर दांडवाडीचं रक्तच नव्हतं.

पंच्याण्णवच्या जुलैमध्ये सत्तावीस तारखेला माझी दांडवाडीची पाळी होती आणि त्याच दिवशी गटारी होती. आषाढ संपतो, दुसऱ्या दिवसापासून श्रावण, मटण-मासळी बंद. आगऱ्याच्या घरात गटारीला गैरहजर राहणं म्हणजे काय ते आगऱ्यालाच ठाऊक. माझा मेहुणा विकास सकाळीच दोन कोंबड्या घेऊन आला होता. मी पिशवी खांद्याला लावली तर म्हणाला, "दाजी, येडं झालाव का? आज गटारी हाय. ठाकरांना ताप उद्या पन हाय." सगळे हसले. मीही हसलो. मी पिशवी उतरवली. म्हटलं, उद्या जाऊ. उद्या जड डोकं घेऊन उठलो, परवा महिन्याचा अहवाल द्यायचा होता आणि काचपट्ट्यांचं टार्गेट अकरानं कमी पडत होतं. हे टार्गेट फार वाईट. साहेब विचारायचा तो ताप नाही विचारायचा, आकडा विचारायचा. आता तुम्हाला आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, बाहेर कुणी सांगत नाही. टार्गेट कमी पडलं की घरातली बोटं टोचायची. रक्त ते रक्त. काचेवर पसरलं की राजाचं आणि रंकाचं सारखं. फार जणांनी केलंय हे, मी एकटा नाही, पण फार जणांनी केलं म्हणून ते माझं कमी होत नाही. मी ओट्याशी काचा मांडल्या. चार माझ्या बोटाच्या, तीन भारतीच्या. ती भाजी चिरत होती, तिनं ओला हात पदराला पुसून बोट पुढं केलं, कशाला म्हणून विचारलंही नाही. तीन विकासच्या, तो सुई बघून बाईसारखा ओरडला. अकराव्याला जिज्ञासा आली. सहा वर्षांची. "पप्पा, मला पण." मी नको म्हटलं. तर रडायला लागली, सगळ्यांचं घेतलं, माझंच नाही. मग घेतलं. तिनं डोळे सुद्धा मिटले नाहीत. थेंब काचेवर पडला तो वाकून बघितला आणि दिवसभर ते बोट शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरली. त्या दिवशी मी म्हटलं होतं, ही डॉक्टर होणार. बघा, हे मी आजवर किती लोकांना सांगितलंय, की सहा वर्षांची होती, सुईला घाबरली नाही! काच कुठल्या नावानं गेली तेवढं गाळून सांगायचो.

नावं मला पाठ होती. दांडवाडीत बावीस घरं, सगळी ठाकर आदिवासींची. रजिस्टर मांडीवर घेऊन मी एकेक घर आठवत गेलो, आणि सुचेल त्याच्या नावापुढे 'ताप' लिहीत गेलो. 'ताप, ४ गोळ्या दिल्या.' 'ताप, ४ गोळ्या दिल्या.' पाचव्या ओळीवर लिहिलं जिजा मेंगाळ. का तिचं नाव आलं, तर ती वाडीत मला आवडायची, म्हणजे भलतं नका समजू, माणूस म्हणून. नवीन लग्न होऊन आलेली पोर, आणि मी गेलो की पुढे यायची. पोरं पळायला लागली की सगळ्यांसमोर हात लांब करायची, ताप असो नसो. "आदी माजा टोच. बगू दे त्यांना, काय नाय होत." तिच्यामुळे माझं काम अर्ध्या वेळात व्हायचं. म्हणून तिचं नाव चटकन हाताशी आलं, दुसरं काही नाही. चव्वेचाळीस गोळ्या राहिल्या होत्या, त्या मी पुढच्या महिन्यात जिरवल्या. काचा तपासून आल्या, सगळ्या निगेटिव्ह. येणारच. आमच्या घरात कुणाला मलेरिया नव्हता.

दहा ऑगस्टला पाळीवर गेलो तर वाडी गप्प होती. तिचा नवरा जनू ओटीवर बसला होता, डोकं भादरलेला. त्यानं सांगितलं, आठ तारखेला गेली. अवसेच्या आधीपासून थंडी वाजून ताप येत होता. शेवटी झोळी करून बदलापूरला न्यायला निघाले, वाटेतच. मी उभा. पिशवीचा पट्टा हातात. आणि जनूनं मला काय म्हणावं? त्यानं वर बघून म्हटलं, "तू यायचा व्हतास, पन व्हाळ भरला आसंल ना दादा. तू तरी कसा येशील?" आणि आत जाऊन माझ्यासाठी काकडी घेऊन आला, परसातली. मी ती खाल्ली. मीठ लावून दिली होती. ओहोळ भरला होता सव्वीस तारखेला, सत्तावीसला सकाळी पाणी घोट्याएवढं होतं, दूधवाले ये-जा करत होते. पण जनूनं दिलेलं कारण मी तीस वर्षं बरोबर घेऊन फिरलो. व्हाळ भरला होता. स्वतःशी सुद्धा असंच म्हणायचो. घरी बसून मी तिच्या नावापुढे ताप लिहिला होता, आणि तिला खरंच ताप होता. चार गोळ्या दिल्या असंही लिहिलं होतं. गोळ्यांनी वाचली असती का? कोण सांगणार. वाचली असती, असं मला वाटतं. मला कायम असंच वाटत आलंय.

त्यानंतर मी एकही पाळी चुकवली नाही. हे पण लिहून घ्या. चोवीस वर्षं. ताप अंगात असताना गेलोय, आई गेली तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलोय. गटारीला तर मुद्दाम गेलो दर वर्षी, विकास आजही त्यावरून टोमणे मारतो. माझ्या कामाचा मला गर्व आहे तो उगाच नाही, आणि तो कुणी काढून घ्यायचाही नाही. पण एक महिन्यापूर्वीचं सांगतो. चहा घेत होतो आम्ही दोघं. जिज्ञासा म्हणाली, "पप्पा, पंच्याण्णवच्या पावसात दांडवाडीत मलेरिया का नव्हता हो? मला कळत नाहीये." सरळ प्रश्न. घरातल्या घरात, दार लावलेलं, ऐकायला कुणी नाही. आणि मी, हा मी, मिशीवरून हात फिरवून म्हणालो, "काम केलं होतं बाळा." ती खूश झाली. वहीत काहीतरी लिहिलं. पंच्याण्णवचं खोटं तरण्या माणसाचं होतं. हे दुसरं मी चौसष्टाव्या वर्षी, दात पडलेल्या तोंडानं बोललो, आणि त्यातून तो हिरवा ठिपका उगवला.

मंचावर अध्यक्ष, डॉक्टर प्रमोद म्हणून कुणी मोठे निवृत्त अधिकारी, म्हणाले, कुणाला प्रश्न? मी माझ्या हातांकडे बघत होतो. म्हटलं, गप बैस कमळाकर. एक ठिपका. तीस वर्षांपूर्वीची अकरा नावं. तिचा पहिला मोठा पेपर आहे, पुण्या-मुंबईची माणसं आलीत. जेवणानंतर शाल आहे, भारतीनं शेजारणींना सांगून ठेवलंय. नंतर घरी सांगता येईल तिला, हळूच, ती दुरुस्त करेल. करेलही. पण मग मला दांडवाडी दिसायला लागली. तिथं फोनला रेंज येत नाही, हे निदान मी तरी सांगायला नको का? टेकडीवर चढून हात वर केला तर एक दांडी येते. ताप आलेली बाई टेकडीवर चढेल काय? हरेश म्हणाले, "पूछो ना कुछ, बेटी है." आणि मी उभा राहिलो. गुडघे वाजले. माईक आणून दिला कुणीतरी.

"कमळाकर गायकर," मी म्हणालो. "ते जे पान आहे जुलै पंच्याण्णवचं, ते माझं आहे." लोक हसले, कौतुकानं. टाळ्या सुरू होतील असं वाटलं म्हणून मी घाईनं पुढचं बोललो. "ते खोटं आहे. मी त्या पंधरवड्यात दांडवाडीला गेलोच नाही. अकराही काचपट्ट्यांवर माझ्या घरच्यांचं रक्त आहे. त्या वाडीचं काहीच तपासलेलं नाही. ती वाडी यादीत ठेवू नका." एवढंच बोलायचं मी ठरवलं होतं. याच्यापुढचं बोलायचं ठरवलं नव्हतं, खरं सांगतो. माझी पोरगी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला इतक्या लांबून दिसलं नाही, चष्मा शर्टाच्या खिशात होता.

अध्यक्ष चांगले माणूस होते. त्यांनी लगेच माईक ओढला. "मित्रांनो, याला म्हणतात मनाचा मोठेपणा. त्या काळात परिस्थितीच तशी होती. टार्गेटचा दबाव, साधनं नाहीत, पूर आलेले ओढे. आपण सगळ्यांनीच थोडंफार... गायकरांसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि खरंच टाळ्या सुरू झाल्या. हरेशही वाजवत होते. पुन्हा ओढा आला होता, पुन्हा कुणीतरी मला ओढा देत होतं, आणि मी तो घेऊन खाली बसणार होतो. बसतच होतो. अर्धा वाकलोही होतो.

"टाळ्या नको, प्लीज." जिज्ञासाचा आवाज. चढलेला नव्हता, पण टाळ्या थांबल्या. "सर, मला माहिती पूर्ण करायचीये." ती अध्यक्षांना म्हणाली, मग माझ्याकडे वळली. "गायकर सर, बसू नका. त्या दिवशी ओढा भरलेला होता का?"

सर. माझी पोरगी मला सर म्हणाली. पप्पा म्हणून ती मला माफ करून मोकळी झाली असती, मला ओळखता येतं ते. पण ती तिथं डॉक्टर म्हणून उभी होती आणि मी आरोग्य सेवक म्हणून, आणि आरोग्य सेवकाला अर्धवट सोडायचं नसतं. डोळ्यांत पाणी आलं, ते अभिमानाचं होतं की कशाचं, मला विचारू नका. दोन्हीचं असेल. मी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

"नव्हता," मी म्हणालो. "गटारी होती. घरी जेवण होतं."

कुणीतरी मागे खुसखुसलं. तिनं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. पडद्यावरचा दांडवाडीचा ठिपका पांढरा झाला. "दांडवाडी, माहिती उपलब्ध नाही," ती म्हणाली. "तिथल्या भेटी बंद करण्याची शिफारस मी मागे घेते. बाकीच्या सात वाड्यांची रजिस्टरं मी पुन्हा तपासेन, गायकर सरांना बरोबर घेऊन. तोपर्यंत हा पेपर छापायला देणार नाही." एक वर्षाचं काम होतं पोरीचं. तिनं एका दमात बाजूला ठेवलं. मला वाटलं, झालं, संपलं. मी माईक परत द्यायला हात पुढे केला.

"एक प्रश्न राहिला," ती म्हणाली. "ज्यांची नावं लिहिलीत त्या अकरांपैकी खरंच कुणाला ताप होता का? नंतर कळलं का तुम्हाला?"

हा प्रश्न तीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, जनूनं नाही, भारतीनं नाही. बरोबर तोच तिनं काढला, पातळ थेंबात नेमका जंतू सापडावा तसा. मला तिला सांगावंसं वाटलं, शाब्बास. ती थांबली. तिला थांबता येतं.

"एकीला होता," मी म्हणालो.

"नाव?"

"जिजा मेंगाळ. पाचवी ओळ."

तिनं पान मोठं केलं. पाचवी ओळ सगळ्या सभागृहाला दिसली. माझा सुबक 'ज'. ताप, चार गोळ्या दिल्या. ती वाचत होती, तिचे ओठ हलले. "या गोळ्या?"

"दिल्या नाहीत."

"पुढे काय झालं त्यांचं?"

"वारली. आठ ऑगस्टला. बदलापूरला नेताना."

जिज्ञासाचा हात की-बोर्डवर होता तो तसाच राहिला. क्षणभर मला वाटलं आता ती रडेल, किंवा खाली येईल, किंवा म्हणेल पप्पा बसा. त्या क्षणी मी देवाला म्हटलं, तिला यातलं काही करायला लावू नकोस. पडद्यावर, माझ्या ओळीच्या खाली, एक नवी रिकामी ओळ उघडली आणि त्यात अक्षरं उमटायला लागली, छापील, एकेक.

"वय?" तिनं विचारलं.

"वीस," मी म्हणालो, आणि तिचं लिहून होईपर्यंत उभा राहिलो.